सारजाआत्यांची सहाशे-सोळा

सारजाआत्यांच्या जीपला कोणते टायर घालावेत याबद्दल आमच्या कोळवण खोऱ्यात ज्याला त्याला मत आहे. ज्यांनी जन्मात कधी पंक्चर काढलेलं नाही तेही चहाचा कप हातात धरून सांगतात, "आता मोठे टाका, रुंद टाका, तसले कोण वापरतं?" सगळ्यांचं मत ऐकून झालं तरी एका माणसाला कुणी विचारत नाही, आणि ते माणूस म्हणजे सारजाआत्या. ती गाडी गेली बावीस वर्षं त्या चालवतात, हे जणू कुणाच्या गावीच नाही. मला या प्रकाराची चीड येते. त्यात सगळ्यात मोठा शहाणा माझ्याच घरात निघाला, म्हणून हे लिहायला बसले.

सारजाआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, कैलासची, सख्खी आत्या. वय अठ्ठावन्न. नऊवारी लुगडं, पायात कापडी बूट, पावसात वरून पुरुषी रेनकोट. त्यांचे यजमान कोळवण ते पौड जीपने वडाप करायचे, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी न्यायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी बायकोला भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात गाडी शिकवली. ते गेल्यावर आत्या माहेरी परत आल्या आणि येताना ती जीप तेवढी घेऊन आल्या. तेव्हापासून त्या थोरल्या भावाकडे, म्हणजे माझे सासरे हैबतराव यांच्याकडे, वरच्या वस्तीवर राहतात. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. वस्तीवर अकरा घरं. आम्ही दोघं खाली कोळवणात राहतो, कारण माझी नोकरी इथल्या पतसंस्थेत आहे.

वस्तीची वाट तीन किलोमीटरची, आणि तिच्यातली मधली चढण म्हणजे एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच फूट खाली खाचर. पावसाळ्यात तिथे माणूस घसरायचा, गाडीची गोष्टच सोडा. सरकारी रस्ता कागदावर दोनदा झाला. शेवटी वस्तीच्या लोकांनी स्वतःच दगडाच्या दोन पट्ट्या घातल्या, डाव्या चाकाला एक आणि उजव्या चाकाला एक. मापं कशी घेतली, तर आत्यांनी कोरड्या दिवसांत जीप अगदी हळू वर नेली, आबा मागून चुना टाकत चालले, आणि त्या चुन्याच्या रेघांवर एकेक फूट रुंदीच्या फरश्या बसवल्या. म्हणजे तो रस्ता त्या जीपच्या अंगाचं माप घेऊन शिवलेला आहे. दुसरी गाडी त्याला चालत नाही. मागच्या वर्षी एक ट्रॅक्टर हौसेने वर निघाला आणि तिथेच खाचरात कलंडला.

त्या जीपच्या टायरला आमच्याकडे सहाशे-सोळा म्हणतात. टायरवर ६.००-१६ असं छापलेलं असतं, म्हणजे सोळा इंची चाक, सहा इंच रुंद टायर. शहरातून आलेली माणसं त्याला बघून हसतात, सायकलचे टायर लावलेत का म्हणून विचारतात. त्यांना हे कळत नाही की आमच्या चिखलाला तळ असतो. वर गुडघाभर रबडी, पण खाली पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून घट्ट झालेली जमीन. अरुंद टायर रबडी कापत खाली जातो आणि त्या घट्ट जमिनीवर उभा राहतो. रुंद टायर वरच्यावर तरंगतो आणि मग वाटेल तिकडे घसरतो. हे मला आत्यांनी शिकवलं, मी काही गाडीतली जाणकार नाही. चढणीच्या पायथ्याशी थांबून त्या प्रत्येक टायरच्या व्हॉल्वमध्ये काडी दाबतात आणि पन्नास अंक मोजेपर्यंत हवा सोडतात. खाली परत आल्या की पायाच्या पंपाने भरतात. रोज संध्याकाळी खुरप्याच्या टोकाने टायरच्या खाचांतले खडे काढतात. बैलाचे खूर बघावेत तसं त्यांचं ते काम चालतं, आणि ते चालू असताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या किडन्या गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना पिरंगुटला डायलिसिसला न्यावं लागतं. कितीही पाऊस असो, आत्यांनी एक पाळी चुकवलेली नाही. तुम्ही म्हणाल, मग म्हाताऱ्याला खाली मुलाकडे का नाही ठेवलं? तर त्याला कारण माझे पतिदेव. आबांनी वाटणीत खालचं मोठं खाचर कैलासच्या नावावर केलं, आणि कैलासने ते अमोघ नावाच्या पुण्याच्या एका माणसाला विकलं. त्या जागी अमोघने रिसॉर्ट काढलं. तिथे जुन्या जीप भाड्याने मिळतात आणि चिखलात फिरवायला शनिवार-रविवार गर्दी होते. कैलास तिथेच मॅनेजर म्हणून लागला, स्वतःच्याच खाचरात! त्या दिवसापासून आबा त्याच्याशी बोलत नाहीत आणि आमच्या घराची पायरी चढत नाहीत. माझ्याशी बोलतात, पण उंबऱ्याबाहेरून.

हे इतकं सांगितलं म्हणजे भाद्रपदी पोळ्याला काय झालं ते कळेल. वस्तीवर आता बैल उरलेले नाहीत, म्हणून आत्या पोळ्याला जीप धुतात. बॉनेटला हळद-कुंकू लावतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि त्या दिवशी किल्ली फिरवत नाहीत. बैलाच्या मानेवर पोळ्याला जू ठेवत नाहीत, तोच नियम गाडीला. यंदा पोळा रविवारी होता. शनिवारी संध्याकाळी कैलास वर गेला आणि म्हणाला, "आत्या, या वर्षी मी गाडी खाली नेतो. धुऊन, सजवून ठेवतो. सोमवारी सकाळी घिऊन जा."

आत्यांनी लगेच किल्ली दिली. पोरगा इतक्या महिन्यांनी आपण होऊन वस्तीवर आला, याचंच त्यांना कौतुक. मला त्या नंतर म्हणाल्या की त्या दिवशी त्यांना वाटलं, आता बापलेकांचं जमेल.

सोमवारी उजाडता उजाडता त्या चालत खाली आल्या. पावसाची झड लागली होती. आमच्या अंगणात जीप उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली, आणि तिच्याखाली चार लठ्ठ काळे टायर. चाकंही वेगळी, चकचकीत, मडगार्डच्या बाहेर चांगली चार-चार बोटं आलेली. रविवारी मी माहेरी भूगावला होते, रात्री अंधारात आले, त्यामुळे मीही ते तेव्हाच पाहिलं. आत्या गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्या.

"कैलास, माझी चाकं कुटं हायेत?"

"आत्या, सरप्राईज हाय! आमच्या साहेबांनी त्यांच्या गाडीला नवा सेट घेतला, मग हा मला दिला. फुकट! पाच नट, तीच मापं, बरोबर बसला. जुनं पार गेलं व्हतं गं."

"गेलं व्हतं का न्हाई ते मला इचारलंस?"

"त्यात काय इचारायचं? चांगलंच केलंय की."

हेच ते वाक्य. "त्यात काय विचारायचं?" माझं टाळकं सरकलं. मी दारातूनच म्हटलं, "अहो, तुमचा मोबाईल मी न विचारता बदलला तर चालेल का?" तर साहेब म्हणतात, "तू मधे पडू नकोस, तुला गाडीतलं कळत नाही." आणि स्वतःला काय कळत होतं, ते तासाभरात खोऱ्याने पाहिलं.

आबांना साडेनऊला पिरंगुटला पोचायचं होतं, म्हणून आत्या तशीच गाडी घेऊन वर निघाल्या. दुसरा इलाज नव्हता. चढणीला लागल्यावर टायर फरशीवर निम्मे आणि बाहेर निम्मे. पुढची चाकं कशीबशी गेली. मागचं डावं चाक घसरलं, फरशीची कड दाबली गेली, फरशी उलटून खाचरात पडली आणि जीप बांधावर आडवी टेकली. आत्या वरच्या दारातून बाहेर आल्या. कोपर सोलवटलं होतं, बाकी देवाची कृपा. वस्तीवरच्या आणि खालच्या माणसांनी दोर लावून दुपारपर्यंत गाडी मागे खाली आणली.

वस्तीवरच्या चौघांनी बाज उलटी करून तिला बांबू बांधले आणि आबांना म्हणाले, चला, उचलून नेतो. आबांनी साफ नकार दिला. "चौघांनी उचलायची येळ माजी अजून आलेली न्हाई," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आत्यांनी हातापाया पडून पाहिलं, मी फोनवरून रडले. म्हातारा हलला नाही. त्यांचाही मला भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पाणी अगदी मोजकं द्या, एक पाळी चुकली तर निभावून नेऊ, पण गुरुवारची चुकली तर माझ्या हातात काही राहणार नाही.

मंगळवारी सकाळी मी पतसंस्थेत रजा टाकली आणि आत्यांबरोबर रिसॉर्टवर गेले. ज्या खाचरात मी लग्नानंतर पहिली लावणी केली, तिथे आता कमान होती. कमानीच्या आत भिंतीवर आत्यांची चार चाकं टांगलेली. मधल्या भोकांतून दिवे लोंबत होते. आणि टायर? टायर कातरून त्यांच्या पाकळ्या केल्या होत्या, त्यांना पिवळा रंग फासला होता आणि त्यांत झेंडूची रोपं लावली होती. रंग अजून ओला होता. आत्यांनी बोट लावून पाहिलं आणि ते लुगड्याला पुसलं.

अमोघ बाहेर आला. माणूस गोड बोलतो, हीच त्याची सगळ्यात वाईट खोड. "काकू, ते टायर सेफ्टीच्या दृष्टीनं अगदीच डेंजरस होते. मी कैलासला म्हटलं, काकूंना चांगला सेट देऊ या. आणि या रिम्स तर आता मिळतच नाहीत, किती सुंदर दिसतात बघा!"

"मिळत न्हाईत म्हनूनच माज्या गाडीला व्हत्या," आत्या म्हणाल्या.

"मी तुम्हाला त्याचे वेगळे पैसे देतो ना."

"तुमी एक करा, शिडी द्या."

त्याला वाटलं, बाई चेष्टा करतायत. आत्यांनी शिडी स्वतःच शोधून आणली, वर चढल्या, एकेक दिवा उतरवून माझ्या हातात दिला आणि चारही चाकं खाली घेतली. कैलास कडेला उभा होता, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. अमोघने त्याच्याकडे पाहिलं, की याला आवर. कैलास पुढे आला, पण आत्यांना अडवायला नाही. त्याने शिडी धरली. मी तेव्हाही त्याला माफ केलं नाही, पण त्याने शिडी धरली एवढं खरं.

चाकं मिळाली, टायर गेले. आत्यांकडे धड टायर उरला होता एकच, गाडीच्या पाठीवरची स्टेपनी. तिच्याकडे या शहाण्यांचं लक्ष गेलं नव्हतं. आम्ही चाकं रिक्षात घालून पौडला जैनुद्दीनभाईंच्या दुकानात गेलो. जैनुद्दीनभाई चाळीस वर्षं टायरच्या धंद्यात आहेत, आत्यांच्या यजमानांपासूनची ओळख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"सारजाबाई, जीपची सहाशे-सोळा आता कोन ठेवतंय? मागवली तर शनवारी येतील. सनाचे दिस हायेत, मालाची गाडी येत न्हाई."

"माझ्याकडं गुरवारपत्तुर येळ हाय."

"मग ट्रॅक्टरची हायेत. पुढची. माप तेच, सहाशे-सोळा."

दुकानात दोन तरणी मुलं बसली होती, मोटरसायकलची ट्यूब बदलायला आलेली. त्यांतला एक लगेच म्हणाला, "मावशी, ट्रॅक्टरचे नका घेऊ. त्यापेक्षा रुंदच चांगले, दणकट ग्रिप असते." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मोबाईल काढून बसला.

आत्या ट्रॅक्टरच्या टायरपाशी उकिडव्या बसल्या. त्याच्यावर गोल फिरणाऱ्या तीन उंच रेघा असतात, बाकी खाचा काही नाहीत. त्यांनी अंगठ्याने त्या रेघा दाबून पाहिल्या, कड वाकवून पाहिली. "ह्यो वढनार न्हाई," त्या म्हणाल्या, "पर वळवंल बरोबर. ट्रॅक्टर तरी काय करतो? मागनं ढकलतो, फुडनं वाट धरतो. जैनूभाई, मला मागं दोन खाचांची पायजेत. येक स्टेपनी हाय. दुसरा कुटनं बी काढा."

जैनुद्दीनभाई आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक वापरलेला टायर घेऊन आले. भंगारात निघालेल्या एका जीपचा होता, खाचा निम्म्या शिल्लक. आत्यांनी तो आतून बाहेरून तपासला, आतल्या बाजूला तोंड घालून हात फिरवला, आणि मान डोलावली. म्हणजे पुढे ट्रॅक्टरचे दोन, मागे स्टेपनी आणि हा जुना. अशी ती निवड झाली. कुठल्या कॅटलॉगात ती नसेल, आणि अमोघच्या पाहुण्यांनी पाहिली तर पोट धरून हसतील.

"येक आयका," जैनुद्दीनभाई म्हणाले, "ही फुडची तीसच्या वर पळवायची न्हाईत. डांबरीवर तापत्यात. फुटलं तर माझ्या नावानं बोंब मारू नका."

"माझी गाडी तीसच्या वर गेलीय कवा?" आत्या म्हणाल्या. दोन दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

बुधवारी टायर चढवले. राहिली ती उलटलेली फरशी. तिच्याशिवाय गाडी वर जाणं शक्य नव्हतं. आत्या माणसं गोळा करायला निघाल्या, तर कळलं की कैलास पहाटेच पहार घेऊन चढणीवर गेलाय. कामावर गेला नाही. मी डबा घेऊन गेले तेव्हा तो खाचरात मांडीभर चिखलात उभा होता, फरशीखाली दगडांची चळत रचत होता, पावसाने ती ढासळत होती आणि तो पुन्हा रचत होता. त्याचे तळहात फुटले होते. मी डबा बांधावर ठेवला आणि परत आले. वाईट वाटलं का? वाटलं. पण रागही गेला नाही. वडिलांचा जीव टांगणीला लावून मग चिखलात उभं राहायचं, याला मी काय म्हणावं?

बुधवारी रात्रभर पाऊस पडला. गुरुवारी सकाळी आत्यांनी पायथ्याशी हवा सोडली, पन्नासपर्यंत मोजलं, मला चढणीच्या खाली उतरवलं आणि एकट्या वर गेल्या. पुढची चाकं रेघ धरून गेली, मागची खाचा रोवत गेली. त्या फरशीवरून रिकामी गाडी पार झाली. मी धावत मागून वर पोचले.

आबांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. चेहरा फुगलेला, श्वास तोंडाने. आत्यांनी आणि मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे बसून त्यांचे खांदे धरले. निघालो.

चढणीच्या वरच्या तोंडाशी कैलास वाटेच्या कडेला पावसात उभा होता. उतरताना सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि पुढे बिनखाचांचे टायर. आत्यांनी गाडी थांबवली. आबांनी काचेतून खाली पाहिलं. सगळ्या फरश्या शेवाळाने काळ्या पडलेल्या, आणि तेवढी एक भोवती ताजी लाल माती असलेली.

"ह्यो दगड कुनी बसीवला?" त्यांनी आत्यांना विचारलं.

आत्या म्हणाल्या, "कैलासनं, दादा. येकट्यानं. तुमी म्हनत असाल तर मी माणसं बोलावते, दुसऱ्यांदा बसवून घेऊ. तासभर जाईल."

तासभर गेला असता तर मशीनची पाळी गेली असती. ते आबांनाही ठाऊक होतं. त्यांनी कैलासकडे पाहिलं. दोन वर्षांत मी त्यांना त्याच्याकडे असं थेट पाहताना पाहिलं नव्हतं. वायपर एक फेरी गेला, दुसरी गेली.

"मग घे खाली," आबा म्हणाले.

आत्यांनी गिअर टाकला. गाडी इंच इंच उतरायला लागली, आणि कैलासने काय करावं? त्याने बांधावरून खाचरात उडी टाकली आणि त्या फरशीच्या बाहेरच्या कडेला पाठ लावून उभा राहिला. गाडी कलंडली असती तर थेट त्याच्या डोक्यावर. माझ्या अंगाची आग झाली. मी आबांचे खांदे सोडले, बाहेर डोकं काढलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो, बाजूला व्हा! अक्कल गहाण टाकलीय का? बाजूला व्हा!"

मागचं चाक फरशीवरून पार होईपर्यंत तो हलला नाही, आणि ती फरशीही हलली नाही.